तीन ठोके

भिंतीला कान लावून उभी असलेली मुलगी दिसली की लोक दोनपैकी एक काहीतरी समजतात. एक तर ती चोरून ऐकतेय, नाहीतर तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्या दुपारी मी कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये अशीच उभी होते. उजवा कान भिंतीला, डोळे मिटलेले, हातात पेन्सिल. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं भिंत वाजवायची, ऐकायचं, पुढे सरकायचं. इथे भरीव... इथे पोकळ... इथे बहुतेक आतून पाइप गेलाय...

आणि भिंतीनं उत्तर दिलं.

ठक.

मी डोळे उघडले. भास असेल म्हणून पुन्हा वाजवलं, या वेळी दोनदा. पलीकडून दोनदा आलं — जरा जोरात, जरा घाबरल्यासारखं. मी तीनदा वाजवलं. यावर उत्तर आलं नाही, पण कॉरिडॉरच्या टोकाचं दार धाडकन उघडलं आणि एक मुलगा हातात हातोडी घेऊन पळत आला. केसांत लाकडाचा भुसा, भुवयांवर भुसा, पापण्यांवरसुद्धा.

"कोण अडकलंय?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"कुठे?"

"भिंतीत!" म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. "म्हणजे... लिफ्टमध्ये वगैरे. मला वाटलं कोणीतरी मदत मागतंय."

"या इमारतीला लिफ्ट नाहीये."

"हो, ते आत्ताच लक्षात आलं." त्यानं हातोडी पाठीमागे लपवली. "तू काय करत होतीस?"

"प्रोजेक्ट."

"भिंतीला कान लावून?"

"शेवटच्या वर्षाचा आहे."

"अच्छा, मग ठीक आहे," तो म्हणाला, कारण तोही शेवटच्याच वर्षाला होता, फर्निचर डिझाइनला. त्याचं वर्कशॉप भिंतीच्या त्या बाजूला, आणि हीच भिंत पुढे आमच्या स्टुडिओत शिरते. चार वर्षं आम्ही एका विटेच्या अंतरावर बसत होतो आणि मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. जाताना त्यानं मान झटकली, तर उन्हाच्या पट्ट्यात भुसा सोन्यासारखा उडाला. मी खोकले. खोकता खोकता त्याचं नाव ठेवून टाकलं — भुसा. त्यानं माझं ठेवलं टकटक. दोन्ही नावं चिकटली.

आता प्रोजेक्ट काय ते सांगते. मी इंटरॅक्शन डिझाइन शिकत होते. बाबा लोकांना सांगायचे, "ती कॉम्प्युटरचं काहीतरी करते," आणि लोक मला प्रिंटर का चालत नाही ते विचारायचे. खरं तर आम्ही शिकतो ते एवढंच, की माणसाचा हात वस्तूला लागतो तेव्हा काय घडतं आणि ते आणखी बरं कसं घडेल. शेवटच्या वर्षी एक स्वतःची कल्पना मांडायची, ती पटवायची आणि मग करून दाखवायची. माझी गाडी पटवण्यातच अडली होती. माझ्या गाइड मॅडम कुठल्याही वाक्यावर एकच शब्द बोलायच्या, "का?" आम्ही त्यांना मागून का-मॅडमच म्हणायचो. माझ्या आधीच्या सगळ्या कल्पना त्या एका अक्षरानं आडव्या केल्या होत्या.

मग मला आईची भिंत आठवली. आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात एकच भिंत होती. मी लहान असल्यापासून आई आणि काकू त्या भिंतीवरून बोलायच्या. एक ठोका म्हणजे आहे मी इथे, ठीक आहे. दोन म्हणजे ये, चहा टाकलाय. माझी वेणी अर्धी घालून झालेली असायची, दोन ठोके वाजायचे आणि आई वेणी तशीच माझ्या हातात देऊन निघून जायची. गेल्या वर्षी काकू मुलाकडे राहायला गेल्या, दुसऱ्या शहरात. फोन आहे, बोलणं होतं. पण ओटा पुसता पुसता आईचा हात अजूनही भिंतीवर जातो आणि तिथेच थांबतो.

म्हणून मला दोन लाकडी पेट्या बनवायच्या होत्या. एक आईच्या भिंतीवर, एक काकूंच्या. इकडे वाजवलं की तिकडे वाजेल. पडदा नाही, बटण नाही, आवाजाची घंटा नाही. नुसता ठोका.

"का?" मॅडम म्हणाल्या.

"वृद्धांचा एकटेपणा ही आजच्या काळातली एक गंभीर—"

"हे पुस्तकातलं झालं. तू का करतेयस?"

मी वहीतलं पुढचं वाक्य शोधायला लागले. मॅडमनी चष्मा पुसला. "कल्पना बरी आहे. पण का ते तुलाच ठाऊक नाही. तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, लोकांवर चाचणी घेऊन दाखव. पटली तर पुढे जा, नाही तर पार्किंगचं ॲप कर. तो विषय कोणीतरी घ्यायलाच हवाय."

पेट्यांसाठी मी भुसाकडे गेले. कॉलेजात सुतारकाम येणारे आणखी पुष्कळ होते, हे मी मान्य करते.

त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, मग फळ्यांच्या ढिगाऱ्यातून एकेक तुकडा काढून माझ्या कानाशी धरायला लागला. बोटाच्या पेरानं वाजवायचा आणि माझ्याकडे बघायचा. "हा?"

"हा फार कोरडा आहे. बिल घेऊन आल्यासारखा."

"बरं. हा?"

"हा... हा गोड आहे. पण जरा खोटा."

"अगं, सागवान आहे ते! खोटा काय?" तो हसला. "आणि हा?"

तो तुकडा कुठल्याशा जुन्या कपाटाच्या दाराचा होता. ठोका आला तो खोल, उबदार, जरा कुरकुरा. आईच्या भिंतीसारखा. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो तुकडा बाजूला ठेवला. "मिळाला," एवढंच म्हणाला. पुढचे दिवस मी रोज जात राहिले. माप बघायला, कोपरे बघायला, पॉलिश वाळलंय का बघायला. पॉलिशला वाळायला तेवढा वेळ लागत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आणि मग आमची भिंत सुरू झाली. मी स्टुडिओत बसलेली असायचे, पलीकडून एक ठोका यायचा. मी एक द्यायचे. चहाच्या वेळी दोन यायचे आणि मी केस सारखे करून उठायचे. कॉरिडॉरच्या टोकाच्या मशीनचा चहा इतका पाणचट असतो की त्याला चहा म्हणणं हा चहाचा अपमान आहे. पण त्या दिवसांत मी तो तीन-तीन कप प्यायले.

"तीन म्हणजे काय?" एकदा त्यानं विचारलं.

मला आठवेना. मी आईला फोन लावला.

"तीन म्हणजे थांब, मीच येते," आई म्हणाली आणि हसायला लागली. "पण काय व्हायचं, तीन वाजवले की काकूलाही राहवायचं नाही. दोघी एकदमच निघायचो आणि फाटकात एकमेकींवर आपटायचो. का गं? कोणाला सांगायचंय?"

"कोणाला नाही."

"बरं," आई म्हणाली. आईचं 'बरं' फार लांब होतं.

इथवर सगळं छान चाललं होतं. म्हणजे माझ्या बाबतीत काहीतरी बिघडणार हे ठरलेलंच.

एका दुपारी दोन ठोके आले. मी उठले, केस सारखे केले, वर्कशॉपचं दार ढकललं. भिंतीशी भुसा नव्हताच. तिथे पोस्टरवाली उभी होती. ग्राफिक्सची, आमच्याच वर्षाची. उंच, हसरी, पोस्टरवरून उतरून आल्यासारखी, म्हणून पोस्टरवाली. तिच्या प्रदर्शनासाठी तिला स्टँड बनवून हवे होते.

"अय्या, खरंच आलीस!" ती टाळी वाजवून म्हणाली. "हा म्हणत होता, दोन वाजवले की येते. मला खरंच वाटेना!"

भुसा मागे रंधा मारत होता. मान खाली. कान लाल.

"हो, येते मी," मी म्हणाले. "कुत्र्याला शिट्टी मारली की येतं तशी." आणि दार लावून परत आले.

त्या संध्याकाळी माझा नुसता जळफळाट झाला. आमची भिंत! त्यानं तिला सांगितली! उद्या सगळ्या कॉलेजला वाजवायला देईल, तिकीट लावून. मी ठरवलं की मला काही फरक पडत नाही, आणि फरक पडत नाही हे मी इतक्या वेळा ठरवलं की जेवायचंच राहिलं. दुसऱ्या दिवशी दोन ठोके आले, मी गेले नाही. मग भिंतीपलीकडून तिचं हसणं ऐकू आलं. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या आठवड्यात त्या भिंतीला माझाच कान होता, तोही दिवसभर.

ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं! पण पोस्टरवाली चांगली होती. कोणाला बरं नसलं की तिच्याकडे गोळी असायची. माझं प्रेझेंटेशन फसलं तेव्हा सगळ्यांत आधी तीच म्हणाली होती, "रंग मस्त होते हं." अशा मुलीचा राग धरायला फार कष्ट पडतात. मी घेतले.

आणि एक सांगते, मला तो हवा होता. उगाच शब्द फिरवण्यात अर्थ नाही. पापण्यांवरच्या भुशासकट हवा होता.

शुक्रवार उजाडला. चाचणीची पद्धत अशी. पेट्यांच्या आतलं यंत्र बनवायला कित्येक महिने लागणार. ते बनवण्याआधी लोकांना ही गोष्ट आवडते का हे तर बघायचं. अशा वेळी आमच्याकडे एक जुनी युक्ती करतात: यंत्राच्या जागी माणूस लपवायचा. वापरणाऱ्याला वाटतं यंत्र चाललंय. प्रत्यक्षात आत कोणीतरी बसून सगळं हातानं करतंय. अट एकच, त्या माणसानं यंत्रासारखं वागायचं. आलं तेच पोचवायचं, मधे आपलं डोकं लावायचं नाही. पदरचं काही घातलं की चाचणी बाद.

जागा मला आयती मिळाली. दोन लहान खोल्या आणि मधे अडगळीची खोली, तिची एक भिंत या खोलीला, दुसरी त्या खोलीला. दोन्हीकडे भिंतीवर पेट्या लावल्या, खरं वाटावं म्हणून मागून दोन-दोन वायरी लोंबत सोडल्या. मधे मी, मोडक्या स्टुलावर, हातात लाकडी मोगरी. डावीकडून ठोका आला की उजवीकडे तसाच द्यायचा, उजवीकडून आला की डावीकडे. खोल्यांत बसणार होत्या मॅडमच्या ओळखीच्या एक बाई आणि त्यांची बहीण.

त्या आल्याच नाहीत. बहिणीला ताप.

"अगं, मग आम्ही बसतो ना!" पोस्टरवाली म्हणाली. ती स्टँड न्यायला आली होती. भुसा ते उचलून तिच्या मागे. "चालेल ना रे?"

भुसानं माझ्याकडे पाहिलं. मी लोंबत्या वायरींकडे पाहिलं.

"चालेल," तो म्हणाला.

"आत सगळं बसवलंय का?" त्यानं मला हळूच विचारलं.

"इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलानं बसवलंय," मी ठोकून दिलं. "एकदम आधुनिक आहे."

"अच्छा," तो म्हणाला. आईच्या 'बरं'इतकंच लांब.

मॅडमनी त्यांना समजावलं. ठोक्यांचा अर्थ सांगितला, एक म्हणजे आहे, दोन म्हणजे ये, तीन म्हणजे मीच येतो. पाहिजे तेव्हा, पाहिजे तसं वाजवा. ती उजव्या खोलीत गेली, तो डाव्या. आणि मी त्या दोघांच्या मधोमध, तुटक्या खुर्च्या आणि जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांत. देवानं थट्टा करायची म्हटली तरी याहून नेमकी जागा शोधली नसती. त्यानं प्रेमानं वाजवायचं, तिनं लाजून उत्तर द्यायचं, आणि ते सगळं माझ्या हातानं!

डावीकडून एक ठोका आला. हलका. मी उजवीकडे दिला, अगदी तसाच.

उजवीकडून एक आला. मी डावीकडे दिला.

इथपर्यंत मी उत्तम यंत्र होते.

मग डावीकडून दोन आले. ये.

माझा हात वर गेला आणि तिथेच राहिला. दोन? तिला? बसल्या बसल्या लगेच? हे दोन ठोके कसे येतात ते मला पाठ होतं. पहिला जरा दबका, दुसरा मोकळा. रोज दुपारी ते माझ्यासाठी यायचे. आणि आता मीच ते उचलून तिच्या हातात द्यायचे? वर पत्र्यावर बारीक पाऊस पडायला लागला होता. माझ्या मनात आलं, पावसात ऐकू आलं नसेल. यंत्राला नाही का कधी ऐकू येत?

मी दोनाचा एक केला आणि तोही थंडगार. उजवीकडे दिला. ठक. बिल घेऊन आल्यासारखा.

उजवीकडून भाबडेपणानं एक आला. मी तो बराच वेळ हातात धरून ठेवला आणि मग डावीकडे सोडला.

डावीकडून पुन्हा दोन. मी काहीच पोचवलं नाही. पुन्हा दोन... थोडे हळू, विचारल्यासारखे. मी मोगरी मांडीवर ठेवली आणि पावसाकडे लक्ष दिलं. उजवीकडून पोस्टरवाली एकटीच वाजवत होती, एक, मग एक, मग दोन. मी तिलाही सोडून दिलं. पुन्हा डावीकडून दोन आले, तेव्हा मात्र माझा तोल सुटला. मी मोगरी उचलली आणि डाव्या भिंतीवर असा काही एक ठोका हाणला, की वरच्या फळीवरून नकाशांची गुंडाळी माझ्या डोक्यात पडली.

मी गुंडाळी तशीच डोक्यावर घेऊन बसले.

मग डावीकडून फार हळू, बोटाच्या पेरानं, एक ठोका आला. आहे मी इथे.

मी डोक्यावरचा नकाशा काढला. डोळ्यांत पाणी आलं होतं. नकाशांवर धूळ फार होती.

चाचणीनंतर वापरणाऱ्यांना बोलतं करायचं असतं. आम्ही स्टुडिओत बसलो. मॅडम, ते दोघं आणि कोपऱ्यात मी, नखं खात.

"कसं वाटलं?" मॅडमनी पोस्टरवालीला विचारलं.

"खरं सांगू? मला वाटलं पलीकडे कोणी नाहीच. आणि असलं तरी त्याला माझ्यात काडीचा रस नाही." ती हसली. "नळाला पाणी येतंय का बघावं, तसं मी वाजवत राहिले."

"आणि तुला?"

भुसा बोटांवरचं पॉलिश खरवडत होता. "मला वाटलं... पलीकडे कोणीतरी जाम चिडलंय."

मॅडमनी चष्मा काढला. आता काही खरं नाही, हे मी ओळखलं. "गंमत आहे. एकाच यंत्राच्या एका टोकाला बर्फ आणि दुसऱ्या टोकाला राग? का?"

"कारण यंत्र नव्हतंच, मॅडम. पेट्या रिकाम्या आहेत," भुसा म्हणाला. "मीच केल्यात. आत काही असतं तर पहिल्याच ठोक्याला आवाजात कळलं असतं. नुसत्या वायरी लटकवल्यात तिनं."

मला आधीच कळायला हवं होतं! सुताराला त्याचीच पेटी दाखवून फसवायला निघाले होते मी. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

"म्हणजे मधे माणूस आहे हे तुला आधीच माहीत होतं," मॅडम म्हणाल्या. "मग बोलला का नाहीस?"

"चाचणी बिघडली असती."

"ती तशीही बिघडली. तू सारखे दोन का वाजवत होतास?"

"बोलवायला."

"हिला?" मॅडमनी पोस्टरवालीकडे बोट केलं.

"नाही..."

"मग कोणाला?"

भुसाचे कान लाल झाले. "मधे जी होती, तिला."

"का?"

मॅडम उत्तराची वाट बघत होत्या, खरंच बघत होत्या, त्यांना ती सवयच होती. भुसानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीत शिरायला फट शोधत होते आणि त्याच वेळी मला ते उत्तर इतकं ऐकायचं होतं, की मी श्वास धरला होता.

"याचं उत्तर... अहवालात लिहावं लागेल का?" त्यानं विचारलं.

मॅडमनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. "नको," त्या म्हणाल्या. "ते अहवालात नको."

मग त्या माझ्याकडे वळल्या. हसू गेलं होतं. "आता तू. यंत्रासारखं वागायचं होतं. का नाही वागलीस?"

खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. "मला... हेवा वाटला, मॅडम."

"कोणाचा?"

"हिचा." पोस्टरवालीकडे बघायचं धाडस झालं नाही. आणि मग तोंडातून आपोआपच पुढचं निघालं. "आणि त्याआधी काकूंचा. लहानपणापासून. दोन ठोके वाजले की आई माझी वेणी अर्धी टाकून जायची. मला वाटायचं, कोणीतरी माझ्यासाठी पण भिंत वाजवावी. मी वाजवलं की कोणीतरी हातातलं टाकून यावं. म्हणून ही पेटी. वृद्धांचा एकटेपणा वगैरे... ते मी नेटवरून घेतलं होतं."

मला वाटलं, झालं, पार्किंगचं ॲप. मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या.

"हे झालं 'का'चं उत्तर," त्या म्हणाल्या. "इतके दिवस हेच विचारत होते. आता ऐक. चाचणी बाद आहे, पुन्हा घ्यायची, आणि मधे दुसरं कोणीतरी बसवायचं. पण तुला काय सापडलंय ते कळलं का? तू एकच ठोका हाणलास आणि याला भिंतीपलीकडून कळलं की तू चिडलीयस. तुझी पेटी नुसता ठोका मोजून पाठवणार असेल तर ती बर्फ पाठवेल. हात कसा पडला, किती उशिरा पडला, हे सगळं गेलं पाहिजे. रागसुद्धा."

मला आईचं बोलणं आठवलं. काकूंचा पहिला ठोका ऐकूनच आई म्हणायची, "आज हिचं काकांशी वाजलंय वाटतं." तेव्हा मला ती जादू वाटायची.

"कल्पना मंजूर," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "आणि मोगरी जपून. भिंत कॉलेजची आहे."

भुसा वर्कशॉपमध्ये पळाला. पळालाच, दुसरा शब्द नाही. पोस्टरवाली मात्र थांबली. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनंच हात वर केला.

"मी प्रयत्न केला होता हं," ती सरळ म्हणाली. "उगाच का सहा-सहा स्टँड बनवून घेतले? पण माझ्याशी बोलताना तो सगळा वेळ भिंतीकडेच बघतो. म्हणून मी विचारलं, बाबा रे, त्या भिंतीत आहे काय? तेव्हा सांगितलं त्यानं. मी वाजवून बघितलं आणि तू धावत आलीस." तिनं खांदे उडवले. "तुझा चेहरा बघितला आणि त्याच दिवशी मला कळलं. तुम्हा दोघांनाच कळायला अख्खी चाचणी लागली."

"सॉरी," मी म्हणाले.

"असू दे. पण नळाला पाणी येतंय का बघितल्यासारखं वाजवत बसवलंस ना मला, त्याचा एक चहा लागतो. मशीनचा नाही."

ती गेली. स्टुडिओ रिकामा झाला. खिडकीबाहेर पाऊस ओसरला होता आणि पागोळ्या एकेक करून पडत होत्या. मी माझ्या टेबलाशी भिंतीला टेकून बसले.

ठक, ठक. पहिला दबका, दुसरा मोकळा.

जावं? सरळ उठून जावं? सगळ्या कॉलेजला माहीत असलेल्या शिट्टीवर? माझ्या नाकावरचा राग काही एका दिवसात उतरणारा नाही. मी हाताची घडी घातली.

ठक, ठक.

मी एक ठोका दिला. आहे मी. चिडलेय, पण आहे.

पलीकडे रंध्याचा आवाज नाही, हातोडीचा नाही. मग आले, सावकाश, एकेक तोलून.

ठक. ठक. ठक.

थांब. मीच येतो.

मी थांबले. खरंच थांबायचं ठरवलं होतं. आयुष्यात एकदा तरी कोणीतरी हातातलं टाकून माझ्याकडे यावं आणि मी राणीसारखं बसून राहावं, एवढीच तर इच्छा होती. मी केस सारखे केले. दाराकडे पाहिलं. कॉरिडॉर तेवढा लांब नाही, मग इतका वेळ का? पाय धुतोय की काय? मधेच कोणी भेटलं का? ती तर नाही ना भेटली? आणि मनात ते आलं मात्र, माझा हात आपोआप भिंतीवर गेला. तीन दिले, घाईघाईनं, कसेबसे, आणि मी दार उघडून धावत सुटले.

आम्ही कॉरिडॉरच्या मधोमध एकमेकांवर आपटलो. त्या दुपारी मी कान लावून उभी होते, त्याच जागी. माझ्या कपाळाला त्याची हनुवटी लागली आणि भुसा उडाला. चेहरा धुऊन आला होता शहाणा, म्हणून उशीर. पण केस विसरला होता.

माझे दोन्ही खांदे धरून तो माझ्याकडे बघत राहिला. धाप लागली होती त्याला, पहिल्या दिवसासारखीच.

"कोण अडकलंय?" त्यानं विचारलं.

"मी," मी म्हणाले. "आणि पुन्हा ती भिंत कोणाला वाजवायला दिलीस तर बघ."